वार्धक्याची मोजदाद चेन्नईत, हिशेब दिल्लीत

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी राजकोटमध्ये होते. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता जेमतेम तीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी एकाच व्यासपीठावरून राजकोट, भटिंडा, रायबरेली, कल्याणी आणि मंगलगिरी अशा पाच 'एम्स'चे लोकार्पण झाले आणि चर्चेचा सारा झोत साहजिकच त्यांच्यावर राहिला. त्याच दिवशी दूरदृश्य प्रणालीद्वारे आणखी एका संस्थेचे उद्घाटन झाले. चेन्नईतील गिंडी येथे, किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात उभारलेले २०० खाटांचे राष्ट्रीय वार्धक्य केंद्र ही ती संस्था. सुमारे दीडशे कोटी रुपये खर्चून उभे राहिलेले हे रुग्णालय केवळ साठीच्या पुढच्या रुग्णांसाठी आहे. पाच 'एम्स'च्या गर्दीत ही बातमी हरवली. तथापि पुढील पंचवीस वर्षांत देशाच्या आरोग्यव्यवस्थेपुढे जो प्रश्न उभा ठाकणार आहे, त्याच्याशी या इमारतीचा संबंध त्या पाचांपेक्षा अधिक जवळचा आहे.

हा प्रश्न संख्येचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक सुमारे १० कोटी ४० लाख होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीच्या पुढचा असेल. तरुणांचा देश अशी स्वतःची ओळख सांगण्याची सवय जडलेल्या राज्यकर्त्यांना हा आकडा फारसा भावत नाही. लोकसंख्येच्या लाभांशाची भाषणे होतात, त्या लाभांशाची मुदत केव्हा संपते याची होत नाहीत. दक्षिणेत ती मुदत आधी संपत आहे, आणि म्हणूनच या विषयाचा विचार चेन्नईपासून सुरू करावा लागतो.

एका इमारतीचा प्रवास

गिंडीच्या केंद्राची कथा ही केंद्र-राज्य संबंधांचीही कथा आहे. २०१०-११ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात २१ राज्यांतील १०० जिल्हे आणि आठ प्रादेशिक केंद्रे निवडण्यात आली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईचे मद्रास मेडिकल कॉलेज या दोघांचाही त्या आठांत समावेश होता. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात दोन संस्थांना राष्ट्रीय केंद्राचा दर्जा देण्याचे ठरले. एक दिल्लीचे 'एम्स', दुसरे मद्रास मेडिकल कॉलेज.

यानंतर जे घडले ते निर्माण भवनातील फायलींचा वेग ठाऊक असणाऱ्यांना नवे वाटणार नाही. दिल्लीतील केंद्राची पायाभरणी व्हायला २९ जून २०१८ उजाडला. चेन्नईची इमारत उभी राहिली, परंतु तिचे दरवाजे उघडले ते वेगळ्याच कारणासाठी. जुलै २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एडप्पाडी पलानीस्वामी यांनी तेथे ७५० खाटांचे कोविड रुग्णालय सुरू केले. वृद्धांसाठी बांधलेल्या वास्तूत पहिले रुग्ण आले ते अशा साथीचे, जिचा सर्वाधिक घाव वृद्धांवरच बसत होता. साथ ओसरली, राज्यात सत्तांतर झाले, आणि मूळ हेतूसाठी इमारत उपलब्ध होण्यास २०२४ साल उजाडले. कार्यक्रमाच्या घोषणेपासून केंद्राच्या उद्घाटनापर्यंत तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला. योजना जाहीर झाली तेव्हा साठीत असलेला नागरिक उद्घाटनाच्या दिवशी पंचाहत्तरीकडे झुकला होता.

श्रेय कोणाचे, हा वाद अशा ठिकाणी अपरिहार्य असतो. निधी केंद्र आणि राज्य दोघांचा, जागा व मनुष्यबळ राज्याचे, फीत मात्र राजकोटमधून कापली गेली. या वादात एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. दिल्लीच्या 'एम्स'च्या बरोबरीने दुसरे राष्ट्रीय केंद्र चेन्नईलाच का मिळाले? मुंबईला, पुण्याला किंवा कोलकात्याला का नाही? त्याचे उत्तर राजकीय वजनात नाही. ते एका बाह्यरुग्ण विभागाच्या चिकाटीत आहे.

१९७८ चा बाह्यरुग्ण विभाग

वार्धक्यचिकित्सा ही स्वतंत्र वैद्यकशाखा आहे हे पाश्चात्त्य देशांनीही उशिराच मान्य केले. 'जेरियाट्रिक्स' हा शब्द इग्नात्झ नाशर यांनी १९०९ मध्ये रूढ केला. १९३५ च्या सुमारास लंडनजवळच्या एका रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे असाध्य ठरवून टाकून दिलेल्या शेकडो वृद्धांचे कक्ष सोपवले गेले. त्यांनी प्रत्येकाची नीट तपासणी केली आणि त्यांपैकी अनेक जण पुन्हा चालू-फिरू शकतात, घरी जाऊ शकतात, हे दाखवून दिले. ब्रिटनमध्ये या शाखेचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. देशातील तो पहिला. १९८८ मध्ये त्याला दहा खाटांचा कक्ष जोडला गेला. १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला, तोही देशात पहिलाच. डॉ. नटराजन यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या तीन वर्षांकडे राजकीय दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. १९७८ मध्ये एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री होते. १९८८ चे जवळजवळ सारे वर्ष राष्ट्रपती राजवटीत गेले. १९९६ मध्ये जयललितांचे सरकार जाऊन करुणानिधींचे आले. द्रविड पक्षांचे परस्परवैर देशाला ठाऊक आहे. आधीच्या सरकारची योजना गुंडाळणे, नाव बदलणे, इमारतीचा उपयोग बदलणे हे तेथे नित्याचे. असे असूनही सरकारी रुग्णालयातील हा लहानसा विभाग कोणी मोडला नाही. तमिळनाडूत औषधखरेदीची यंत्रणा आणि सार्वजनिक आरोग्य संचालनालय यांना जे सातत्य लाभले, तेच या विभागालाही लाभले. दिल्लीत राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणी सुरू झाली तेव्हा चेन्नईजवळ तीन दशकांचा अनुभव आणि तयार डॉक्टर होते. राष्ट्रीय केंद्र तेथे गेले ते याच कारणाने.

या शाखेचे वेगळेपण एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. ऐंशी वर्षांची स्त्री न्हाणीघरात पडते. अस्थिरोगतज्ज्ञ मोडलेले हाड पाहतो. पण ती पडली कशाने? कदाचित रक्तदाबाच्या दोन गोळ्या अधिक होत्या, म्हणून उठताना भोवळ आली. कदाचित मोतीबिंदूमुळे उंबरठा दिसला नाही. कदाचित रात्री तीनदा लघवीसाठी उठावे लागते आणि मांड्यांतील ताकद गेली आहे. कदाचित या साऱ्याच गोष्टी थोड्याथोड्या आहेत. चार विभागांच्या चार चिठ्ठ्या घेऊन फिरणाऱ्या वृद्धेला एकही डॉक्टर संपूर्ण पाहत नाही. वार्धक्यतज्ज्ञ आजारांची, औषधांची, चालण्याची, स्मृतीची, घरातील माणसांची आणि घराच्या रचनेचीही एकत्र तपासणी करतो. या पद्धतीवर झालेल्या २९ चाचण्यांचा, म्हणजे १३ हजारांहून अधिक रुग्णांचा, आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांची अशी तपासणी झाली, तर काही महिन्यांनी ते जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्या चाचण्या नऊ देशांतील होत्या आणि ते बहुतांशी श्रीमंत देश होते. आपल्या वृद्धांविषयीचे आपले संशोधन किती तोकडे आहे, हे यावरून ध्यानात येते.

'साठी बुद्धी नाठी' आणि संशोधन

तोकडेपणाची ही जाणीव एका आंतरराष्ट्रीय संशोधकगटाच्या नावातच गोवलेली आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या गटाने '१०/६६' असे नाव घेतले. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात आणि लोकसंख्येवर आधारित संशोधनापैकी १० टक्क्यांहूनही कमी त्यांच्याविषयी होते, हा त्या आकड्यांचा अर्थ. या गटाने भारतात दोन ठिकाणी घरोघर पाहणी केली. शहरी पाहणी चेन्नईत व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस या संस्थेच्या माध्यमातून झाली, ग्रामीण पाहणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केली. भारत, चीन आणि लॅटिन अमेरिकेतील सात देशांच्या अकरा ठिकाणी ६५ वर्षांवरील १४,९६० जणांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ते निष्कर्ष धोरणकर्त्यांनी मुळातून वाचावेत असे आहेत. अमेरिकेतील प्रचलित निकष लावले असता ग्रामीण भारतात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण केवळ ०.३ टक्के आढळले, तर क्युबात ते ६.३ टक्के होते. याचा अर्थ भारतीय वृद्धांची स्मृती क्युबातील वृद्धांपेक्षा वीसपट चांगली असा होत नाही. अमेरिकी निकषात रोजच्या व्यवहारात अडचण येते की नाही हे घरच्यांना विचारले जाते. जेथे म्हातारपणी हिशेब, बाजारहाट, बँक ही कामे मुले-सुना करतात आणि म्हाताऱ्या माणसाने विसरणे स्वाभाविक मानले जाते, तेथे घरचे 'तशी काही अडचण नाही' असेच सांगतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठीत उगाच रुजलेली नाही. आजाराला वयाचे नाव दिले की तो मोजला जात नाही. स्थानिक परिस्थितीशी पडताळून तयार केलेले निकष जेव्हा त्याच गटाने लावले, तेव्हा सर्व ठिकाणांचे आकडे परस्परांच्या जवळ आले आणि ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान स्थिरावले.

यानंतर पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज प्रसिद्ध झाला. साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे असे त्यात म्हटले आहे. चेन्नई आणि वेल्लोरच्या गल्ल्यांतून फिरलेल्या पाहणीदारांनी दिलेला इशारा खरा ठरला. दरम्यानच्या काळात मंत्रालयांच्या कागदांवर हा आजार जवळपास नव्हताच.

नुसत्या मोजदादीने रुग्णाचे भागत नाही. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये चेन्नईत स्थापन केलेली 'स्कार्फ' ही संस्था मूळची स्किझोफ्रेनियावरील संशोधनासाठीची. तिने पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडे लक्ष वळवले. ब्रिटनमध्ये विकसित झालेली, गटाने बसून गप्पा, गाणी, खेळ आणि आठवणींतून बुद्धीला चालना देणारी चौदा सत्रांची पद्धत या संस्थेने तमिळ समाजाच्या सवयींना जुळेल अशी बदलून घेतली आणि तिची चाचणी केली. या पद्धतीत महागडे यंत्र लागत नाही. प्रशिक्षित माणूस, एक खोली आणि वेळ एवढ्यावर काम भागते.

याच धर्तीचा दुसरा दाखला मराठी वाचकांच्या अधिक जवळचा आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरी असलेल्या ८१ कुटुंबांची चाचणी केली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४१ कुटुंबांकडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते नियमित जात. रुग्णाशी कसे बोलावे, रात्रीची भटकंती कशी हाताळावी, मदत कोठे मिळेल, हे ते सांगत. रुग्णाच्या आजारात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. मात्र सांभाळ करणाऱ्यांच्या मनावरील ताण लक्षणीयरीत्या कमी झाला. सांभाळ करणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा मुलगी असते. तिच्या श्रमांची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात नसते.

महाराष्ट्रानेही या क्षेत्रात काही केलेच नाही असे नव्हे. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशीवरील सुमारे पाच हजार ग्रामस्थांच्या आरोग्याची पाहणी केली आहे. देशातील वार्धक्यावरील सर्वांत मोठी पाहणी तर मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली झाली. तिच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद घेतली गेली. ६ जानेवारी २०२१ रोजी अहवाल प्रसिद्ध करताना तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनीच सांगितले होते की, ७५ टक्के वृद्धांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे, ४० टक्क्यांना कोणते ना कोणते अपंगत्व आहे आणि २० टक्क्यांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत. मोजदाद करण्यात मुंबई मागे नाही. मोजलेल्याचे सेवेत रूपांतर करण्यात मात्र चेन्नई पुढे गेली.

खाटेपासून उंबरठ्यापर्यंत

हे रूपांतर कसे झाले ते पाहण्यासाठी गिंडीच्या इमारतीबाहेर यावे लागते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी कृष्णगिरी जिल्ह्यातील एका खेड्यातून 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' ही योजना सुरू केली. लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक असा त्याचा अर्थ. बचत गटांतील महिला आरोग्य स्वयंसेविका म्हणून घरोघर जातात, रक्तदाब व साखर तपासतात, औषधे पोहोचवतात. अंथरुणाला खिळलेल्यांकडे परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट जातात. योजना सर्व वयोगटांसाठी असली तरी तिचा मोठा लाभ वृद्धांना होणार हे उघड आहे, कारण दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याची ताकद नसणारे तेच. २०२४ मध्ये असंसर्गजन्य रोगांवरील कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या कृतिदलाने या योजनेला पुरस्कार दिला.

केंद्राचा मार्ग वेगळा आहे. ११ सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने सत्तरीवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत आणण्याचा निर्णय घेतला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून, पंतप्रधानांनी तिचा प्रारंभ केला. साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे सहा कोटी ज्येष्ठांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण हे तिचे स्वरूप. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यांना केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा आयुष्मान यांपैकी एक निवडता येते. केंद्रीय आरोग्य योजनेनेही २०२४ मध्ये शिफारसपत्राशिवाय थेट तज्ज्ञाकडे जाण्याची वयोमर्यादा ७५ वरून ७० वर आणली.

हे निर्णय स्वागतार्ह आहेत, त्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल झालेल्याचे पैसे भरते. सांधा बदलण्याची, हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया तीत बसते. रोजच्या गोळ्या, घरी येणारी परिचारिका, मलमूत्राची स्वच्छता, चालण्याचा सराव, स्मृती हरवलेल्या पतीला दिवसभर सांभाळणाऱ्या पत्नीला आठवड्यातून एक दिवसाची उसंत, यांपैकी काहीही तीत बसत नाही. वार्धक्यातील खर्चाचा आणि कष्टांचा मोठा भाग मात्र याच गोष्टींत असतो. केंद्र खाटेचे पैसे देते, तमिळनाडू उंबरठ्यापर्यंत जाते, आणि उंबरठ्याच्या आतल्या अखंड सेवेची जबाबदारी दोघांपैकी कोणीही पुरती घेतलेली नाही. चेन्नईचे कौतुक करताना ही उणीव झाकण्याचे कारण नाही.

निवृत्तिवेतनाचा मुद्दाही येथेच येतो. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून पुढील दीड दशकाहून अधिक काळ दरमहा २०० रुपयांवरच राहिला. ऐंशीनंतर तो ५०० रुपये होतो. तमिळनाडूने २०२३ मध्ये आपली रक्कम १,२०० रुपयांवर नेली, महाराष्ट्राने त्याच वर्षी १,५०० रुपयांची घोषणा केली. म्हणजे वृद्धांचा भार राज्ये उचलत आहेत आणि ज्या राज्यांत वृद्ध अधिक, त्यांचा भार अधिक.

म्हातारपणाचे राजकारण

येथून हा विषय रुग्णालयाच्या आवारातून बाहेर पडून थेट संसदेच्या आवारात येतो. २०११ मध्ये तमिळनाडूत साठीवरील लोकांचे प्रमाण १०.४ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. अधिकृत प्रक्षेपणानुसार २०३१ मध्ये तमिळनाडूत ते १८.२ टक्के होईल, तर देशाचे सरासरी प्रमाण १३.१ टक्के असेल. कुटुंबनियोजनाचे राष्ट्रीय धोरण ज्यांनी मनापासून राबवले, ती राज्ये आधी म्हातारी होत आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूचा जननदर १.८ आणि महाराष्ट्राचा १.७ होता, बिहारचा ३.० होता.

लोकसभेतील राज्यनिहाय जागांची संख्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. ती मुदत जवळ येऊ लागताच दक्षिणेत अस्वस्थता वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी अधिक मुले असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढवू देण्याचा विचार बोलून दाखवला. त्यानंतर लगेचच स्टॅलिन यांनी चेन्नईतील एका सामूहिक विवाह सोहळ्यात, सोळा संपत्तींच्या जुन्या तमिळ आशीर्वादाचा धागा पकडून, आता सोळा मुलांचाच विचार करावा की काय, असा चिमटा काढला. मार्च २०२५ मध्ये चेन्नईत मतदारसंघ पुनर्रचनेविरुद्ध अनेक राज्यांच्या नेत्यांची बैठक झाली.

या साऱ्या गदारोळात मागणी मुलांची झाली आणि जागांची झाली. जे आधीच म्हातारे झाले आहेत त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही. वस्तुतः राज्यांच्या हक्काची भाषा करण्यास वार्धक्य हा अधिक भक्कम आधार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमधील वाटपासाठी उत्पन्नातील तफावतीला ४५ टक्के, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या नियंत्रणातील कामगिरीला १२.५, वनांना १० आणि करप्रयत्नांना २.५ टक्के भार दिला. कामगिरीचे बक्षीस मिळाले. त्या कामगिरीच्या परिणामी वाढलेल्या वृद्धांच्या खर्चाचा निकष मात्र त्या सूत्रात नव्हता. उत्तरेच्या बाजूचा युक्तिवादही ऐकण्याजोगा आहे. बिहारमध्ये वृद्धांचे प्रमाण कमी असले तरी तेथील वृद्ध अधिक गरीब आहे आणि त्याचा मुलगा दिल्ली, मुंबई किंवा तिरुप्पूरला मजुरीला गेलेला आहे. म्हणूनच वृद्धांची नुसती संख्या पुरेशी नाही, त्यांची अवस्थाही मोजावी लागेल. ती मोजण्याची साधने मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या संशोधकांनी तयार करून ठेवली आहेत.

मराठी माणसाचा संबंध

या प्रश्नात महाराष्ट्र मध्येच उभा आहे. जननदर दक्षिणेसारखा, स्थलांतरितांचा ओघ उत्तरेकडून आणि स्वतःची माणसेही बाहेर. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेलेली कुटुंबे चेन्नईतही आहेत. सोने-चांदी गाळण्याच्या भट्टीपाशी आणि आम्लाच्या वाफांत आयुष्य काढलेला माणूस थकतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. मुलाच्या धंद्याच्या गावी राहावे, जेथे रुग्णालय जवळ पण शेजारपाजार परका. किंवा गावी परतावे, जेथे भाषा आपली पण विशेषज्ञ दूर. राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांची स्थिती याहून फार निराळी नाही. आई-वडील सांगलीला, परभणीला किंवा चिपळूणला, आणि मुलगा सरकारी निवासस्थानातून दूरध्वनीवर औषधांची चौकशी करतो. आयुष्मानचे कार्ड राज्याची सीमा ओलांडते. घरोघर जाणारी स्वयंसेविका ओलांडत नाही, आणि स्मृती हरवलेल्या माणसाला उरते ती बहुधा लहानपणची भाषाच. परप्रांतातील वृद्धाची स्मृतिचाचणी त्याच्या मातृभाषेत होते की नाही, यावर त्याचे निदान अवलंबून असते.

तमिळ भूमीवर मराठी वैद्यकाचा एक जुना ठसा आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली. तेथे देशी आणि युरोपीय अशा दोन्ही औषधोपचारांची पडताळणी होई. अनुभवाला उतरलेल्या उपचारांचे तमिळ पद्यग्रंथ सिद्ध झाले आणि नेत्ररुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या गेल्या. त्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत आणि आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. एका मराठी राजाच्या दरबारात दोनशे वर्षांपूर्वी रुग्णाची नोंद हे राज्याचे काम मानले गेले होते, आणि ते रुग्णाच्या भाषेत चालत होते.

१ मार्च २०२७ ही पुढील जनगणनेची संदर्भतिथी निश्चित झाली, तेव्हापासून जागांच्या गणिताची चर्चा तापली आहे. त्याच जनगणनेतून देशातील वृद्धांचा नेमका आकडाही बाहेर येईल. त्यानंतर दिल्लीला तीन गोष्टी टाळता येणार नाहीत. राष्ट्रीय कार्यक्रमाचे पैसे इमारतींपेक्षा घरपोच सेवेकडे वळवणे, राज्यांच्या वाटपसूत्रात वार्धक्याला स्थान देणे, आणि घरी सांभाळ करणाऱ्या स्त्रीला प्रशिक्षण, भत्ता व उसंत मिळवून देणे. महाराष्ट्रालाही स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. आठ प्रादेशिक केंद्रांच्या यादीत जे. जे. आणि मद्रास मेडिकल कॉलेज शेजारी होते. त्यांपैकी एकाचे राष्ट्रीय केंद्र झाले. चेन्नईतील दहा खाटांचा कक्ष २०० खाटांपर्यंत पोहोचायला छत्तीस वर्षे लागली. देशातील आणि महाराष्ट्रातील वृद्धांपाशी तेवढा अवधी नाही.